मैदानावरची डबी

काल सरावाला आलीस, नी-कॅप चढवल्यास आणि कुणाशी न बोलता पाण्याच्या टाकीमागे गेलीस. परत आलीस तेव्हा डाव्या हाताचं मधलं बोट मुठीत दाबून धरलं होतंस. बाकीच्या पोरींच्या ध्यानात आलं नाही, माझ्या आलं. अगं, त्याच टाकीमागे, त्याच सिमेंटच्या कठड्यावर मीटर ठेवून मी दोन हंगाम बोट टोचलंय. म्हणून आज तुला थांबवून घेतलं. आईला फोन कर, म्हणावं ताईबरोबर बसलेय, अर्ध्या तासात येते.

आणि आधी शुगर बघ. इथेच, माझ्यासमोर. थांब, हात धुऊन ये. मातीचे हात, त्यात मघाशी केळं खाल्लंस. केळ्याचा नाहीतर ग्लुकोजच्या पावडरीचा एवढासा चिकटा बोटावर राहिला ना, तर मीटर २४० दाखवतं आणि खरी शुगर असते ७०. माझ्या बाबतीत झालंय. २४० बघून इन्सुलिनचं पेन हातात घेतलं होतं, पुन्हा टोचून बघायची बुद्धी झाली म्हणून वाचले. पाणीच नसेल तर पहिला थेंब कापसाने पुसून टाक आणि दुसऱ्या थेंबावर तपास.

किती आली? १०८. दीड तास पळून, चढाया करून १०८. दिसायला छान, पण आकडा वर चाललाय की खाली, हे त्यावरून कळत नाही. मला विचारशील तर आज रात्री तो खालीच जाणार. का जाणार ते नीट ऐक, कारण हे एकदा समजलं की निम्मी भीती जाते.

धडधाकट मुलगी पळायला लागली की तिचं स्वादुपिंड आपोआप हात आखडता घेतं, इन्सुलिन कमी सोडतं. आपल्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी आपल्याच प्रतिकारशक्तीने संपवल्या, म्हणून आपण बाहेरून टोचतो. आणि एकदा टोचलेलं इन्सुलिन परत काढून घेता येत नाही. तू पळतेस की बसलीयेस याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यात पळणारे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता स्वतःच रक्तातली साखर ओढतात. अशी दोन्ही बाजूंनी ओढ लागली की फेऱ्या मारता मारता शुगर उतरते.

सामन्यात मात्र उलटं होतं. दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, तिसरी तुझी, गुण नाही आणला तर तूच बाद. समोर सात जणी साखळी धरून उभ्या. छाती धडधडते, अ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि यकृत साखर ओतायला लागतं. तीस सेकंदांची चढाई, मग दम खाणं, पुन्हा झटापट, असल्या तुकड्यातुकड्यांच्या खेळात शुगर चढूही शकते. पहिल्यांदा सामना संपल्यावर मीटरवर २७४ दिसलं तेव्हा मला रडू आलं होतं. इतकी पळाले, खाल्लं काही नाही, तरी एवढी? घाबरून रोजच्या हिशेबाने इन्सुलिन घेतलं आणि झोपले. पहाटे अडीचला आईने हलवून उठवलं तेव्हा उशी घामाने भिजली होती आणि मी काहीतरी असंबद्ध बडबडत होते. सामन्याच्या उत्साहाने चढलेली साखर बऱ्याचदा तास-दोन तासांत आपली उतरते. रिकामे झालेले स्नायू रात्रभर साखर भरून घेत असतात. जोराच्या खेळानंतर चोवीस तासांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. म्हणून आज जेवणाबरोबरचं इन्सुलिन किती कमी करायचं ते डॉक्टरांनी सांगितलंय तसं कर, झोपताना तपास, आणि अडीच-तीनचा गजर लाव. तुझ्या नाही, आईच्या फोनवर. तुझी शुगर उतरली असेल तर गजर तुला ऐकूच येणार नाही.

आता मुद्द्याचं बोलते. टाकीमागे का जातेस?

मला ठाऊक आहे का. कुणीतरी म्हणेल, एवढ्याशा पोरीला मधुमेह? कुणी म्हणेल, लहानपणी गोड फार खाल्लं असेल. सरांना कळलं तर संघातून काढतील, आणि गावात कळलं तर आईच्या डोक्यात पुढचं सगळं सुरू होईल. मीही याच भीतीने लपवलं. त्याचं काय झालं ते आजवर मी फार थोड्या जणींना सांगितलंय.

मी अठरा वर्षांची होते, निदान होऊन वर्ष झालं होतं. आपल्याच जिल्ह्यात प्रकाशझोतातली स्पर्धा होती. तुला माहीतच आहे या स्पर्धांचं. पत्रिकेत आठ छापलेले असतात, पाहुण्यांचे सत्कार होतात, नारळ फुटतो, आधीचे सामने लांबतात, आणि आपला नंबर अकराला लागतो. राहायला शाळेचे वर्ग दिले होते. साडेनऊला कुणीतरी ओरडत आलं, पंगत वाढतायत, चला. मी वर्गाच्या कोपऱ्यात पाठ करून, ओढणीआड, जेवणाचं पूर्ण इन्सुलिन घेतलं. बाहेर आले तर माइकवर आमच्या संघाचं नाव. एक सामना पुढे ढकलला होता, आम्हाला लगेच उतरायचं होतं. पंगत राहिली मागे.

त्या क्षणी एवढंच म्हणायचं होतं, 'मी इन्सुलिन घेतलंय, मला आधी खायला हवं.' एक वाक्य. पण ते कुणाला म्हणणार? कुणाला माहीतच नव्हतं ना. मला वाटलं, अर्ध्या-पाऊण तासाचा तर खेळ, निभावून नेईन.

पूर्वार्ध बरा गेला. उत्तरार्धात चढाईला निघाले आणि ओठांना मुंग्या आल्या. अंगाला घाम होताच, पण हा वेगळा, गार, मानेमागून उतरणारा. तोंडाने 'कबड्डी कबड्डी' चाललं होतं पण जीभ जड झाली होती. उजव्या कोपऱ्यातल्या मुलीला मी हात लावला, हे आठवतंय. त्यानंतर वळून मध्यरेषेकडे यायचं, हे इतक्या वर्षांत अंगात भिनलेलं, आणि तेच आठवेना. मी त्यांच्या अंतिम रेषेकडे चालत गेले. पळाले नाही, चालत गेले. लोक ओरडत होते आणि मला तो आवाज विहिरीतून आल्यासारखा ऐकू येत होता.

सर चिडले, त्यांना वाटलं मी कच खाल्ली. मला बाहेर बसवलं. थरथर बघून मैदानाबाहेरच्या चहावाल्या मावशींनी पोरगी दमलीय म्हणून भरपूर साखरेचा चहा हातात दिला, निव्वळ मायेने. त्या चहाने वाचले. दुसऱ्या कुणी पाणी दिलं असतं, वारा घातला असता आणि झोपू द्या म्हणाले असते तर काय झालं असतं, ते मनात आलं की अजून पोटात गोळा येतो.

सामना दोन गुणांनी गेला. मी घाबरले, असं सगळ्या म्हणायला लागल्या आणि ते मी वर्षभर ऐकून घेतलं. कारण खरं सांगण्यापेक्षा भित्री म्हणवून घेणं मला सोपं वाटत होतं. त्या वर्षाचं मला आजही वाईट वाटतं.

सांगितलं ते शेवटी आमच्या डाव्या कोपऱ्याला. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण. एसटीत शेजारी बसले होते, सांगितलं आणि पिशवीतून मीटर-ग्लुकोजची डबी काढून दाखवली. तिने पहिल्यांदा काय विचारलं माहितीये? 'म्हणजे त्या दिवशी तू घाबरली नव्हतीस?' मग डबीतली एकेक वस्तू हातात घेऊन, हे काय, ते काय, कधी द्यायचं, किती द्यायचं, सगळं पाठ करून घेतलं. पुढच्या सामन्यापासून तिने एक गोष्ट आपणहून सुरू केली. माझी चढाई चालू असताना तिचा एक कान माझ्या दमाकडे असायचा. म्हणायची, तुझ्या 'कबड्डी'चा ताल मला माहीत आहे, तो मोडला की मी सरांना टाइम-आउट घ्यायला लावणार. दोन वेळा तिने तसं केलं. दोन्ही वेळा मी म्हणत होते, मला काही झालेलं नाही. दोन्ही वेळा शुगर साठच्या घरात होती.

हे लक्षात ठेव. शुगर उतरताना आपल्याला कळतंच असं नाही. सामन्यात धडधड, घाम, थरथर हे सगळं तसंही असतंच, त्यामुळे खरी खूण त्यात हरवून जाते. आणि साखरेविना मेंदू चालत नाही, म्हणजे ज्याने ओळखायचं तोच आधी ढेपाळतो. तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी ते ओळखता यायला हवं. सगळ्या गावाला सांग असं मी म्हणत नाही. पण मैदानावरच्या सहा जणींना आणि सरांना माहीत नसेल, तर तू मैदानात उतरू नयेस, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यांना काय सांगायचं तेही ऐकून ठेव. मी गोंधळले, चिडचिड करायला लागले, बोलणं जड झालं तर विचारत बसू नका, साखर द्या. ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे सपाट तीन चमचे पाण्यात ढवळून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, वर आली नसेल तर पुन्हा द्या. चिक्की, पेढा, चॉकलेट त्या वेळी उपयोगाचं नाही. त्यातल्या तेलातुपाने साखर रक्तात उतरायला उशीर लागतो. चिक्की नंतर खायची, शुगर वर आल्यावर. आणि बेशुद्ध पडले तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. एवढंच. पाच मिनिटांचं काम आहे, पोरी पटकन शिकतात.

स्पर्धेच्या रात्रीचं माझं शहाणपण मात्र मी किंमत मोजून घेतलंय, ते फुकट घे. आपल्याकडे वेळापत्रक पाळलं जाईल असं धरून इन्सुलिन घ्यायचं नाही. ताट समोर आलं, पहिला घास तोंडात गेला, की मग घ्यायचं. थोडं उशिरा घेतल्याने जेवणानंतर शुगर चढली तरी ती सावरता येते. घेतलं आणि जेवण नाही, याला उपाय पळापळीचाच. सामना दोन तासांच्या आत असेल तर जेवणाआधीचा डोस कमी करावा लागतो. किती, ते प्रत्येकीचं वेगळं, म्हणून माझा आकडा तुला सांगणार नाही. तुझ्या डॉक्टरांसमोर बसून ठरवून घे, आणि जाताना वही ने. वही ठेवतेस ना? आजपासून ठेव. किती वाजता, शुगर किती, काय खाल्लं, किती युनिट घेतलं, आणि त्या दिवशी फेऱ्या होत्या, पकडींचा सराव होता की सामना होता. नुसते आकडे लिहिशील तर डॉक्टरांनाही काही उमगणार नाही. पकडींच्या दिवशी माझी शुगर चढते आणि फेऱ्यांच्या दिवशी पडते, हे मला दोन महिन्यांच्या वहीतूनच कळलं.

दिवसभराचं जे लांब पल्ल्याचं इन्सुलिन आहे ते मात्र खेळ आहे म्हणून मनाने कधीच बंद करायचं नाही.

मैदानात उतरण्याआधीचे आकडे सांगते. जगभरच्या तज्ज्ञांनी २०१७ साली मिळून मार्गदर्शन लिहिलं, त्यातले आहेत. शुगर १२६ ते १८० च्या मध्ये असेल तर साधारण ठीक. ९० च्या खाली असेल तर आधी १० ते २० ग्रॅम ग्लुकोज घे, वर येऊ दे, मग उतर. २७० च्या वर असेल आणि कारण कळत नसेल तर कीटोन तपास. रक्तातले कीटोन १.५ किंवा त्याहून जास्त असतील तर खेळायचं नाही, मग अंतिम सामना का असेना. आणि आदल्या चोवीस तासांत दुसऱ्याने सावरायला लागावी इतकी शुगर पडली असेल तर त्या दिवशी बाकावर बसायचं. मला हे शेवटचं सगळ्यात जड गेलं. बाकावर बसून रडलेय मी. तरी बसायचं.

आता एक नाजूक बोलायचंय. परवा वजनकाट्यावरून उतरलीस तेव्हा तुझा चेहरा पडला होता. कुमारी गटाला ६५ किलोची मर्यादा, तू ६६ च्या जवळ. निवड चाचणीला अजून दहा दिवस आहेत. आणि तुला आता एक गोष्ट माहीत झालीय, जी मलाही त्या वयात माहीत होती. इन्सुलिन टाळलं की वजन झरझर उतरतं.

पोरी, माझ्याकडे बघ. हे करू नकोस. एक दिवसही नको, एक डोसही नको. तुझं निदान व्हायच्या आधीचं आठव. सारखी तहान, रात्री चार-चार वेळा लघवीला उठणं, गालांची हाडं वर आलेली, कपडे सैल पडलेले. तेव्हा जे वजन उतरलं ते असंच उतरलं. इन्सुलिन नसलं की साखर रक्तात पडून राहते आणि शरीर उपाशी राहून स्वतःची चरबी आणि स्नायू जाळतं. मांडीतली ताकद, जिच्यावर तुझी चढाई उभी आहे, तीच जळते. वरून रक्तात आम्ल साठतं. उलट्या, पोटात दुखणं, धापा टाकल्यासारखा खोल श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. एका दिवसातही माणूस अतिदक्षता विभागात जाऊ शकतं, आणि सगळे परत येत नाहीत. वजन कमी करायचं असेल तर सावकाश, आहारतज्ज्ञांना विचारून, पुढच्या हंगामासाठी करू. या वेळी नाही बसलं ६५ मध्ये तर नाही बसलं. वरच्या गटाला ७५ आहे, तिथे खेळशील. असा विचार मनात येऊन गेला असेल तर त्याची लाज बाळगू नकोस, मला सांग. रात्री बाराला फोन केलास तरी मी उचलेन.

पाळीचंही सांगून ठेवते, कारण हे आपल्याला कुणी सांगत नाही. पाळीच्या आधीचे तीन-चार दिवस बऱ्याच जणींची शुगर कारण नसताना चढी राहते, आणि पाळी सुरू झाली की पुन्हा खाली येते. मी वर्षभर स्वतःला दोष देत होते, काय चुकलं म्हणून शोधत होते. काही चुकत नव्हतं. वहीत पाळीच्या तारखेला खूण कर, डॉक्टरांना दाखव. डॉक्टर पुरुष असले तरी सांगायचं.

सुई कुठे घेतेस? मांडीत? सरावाच्या आधीची मांडीत नको. त्याच मांडीने पळायचं असतं, तिथे रक्त जोरात फिरतं आणि इन्सुलिन लवकर उतरतं. पोटावर घे, आणि रोज एकाच जागी नको, नाहीतर गाठी होतात आणि गाठीत घेतलेलं इन्सुलिन नीट लागू पडत नाही. सेन्सर तुझ्याकडे आहे का? नाही ना. महाग आहे, दर चौदा दिवसांनी नवा, मलाही रोजचा परवडत नाही. मोठ्या स्पर्धेच्या पंधरवड्यात लावते. दंडावर लावलेला पकडीत उखडतो, म्हणून वरून पट्टी आणि त्यावर कोपराची बाही चढवायची आणि पंचांना सामन्याआधी दाखवायचा. एक लक्षात ठेव, शुगर भरभर पडत असते तेव्हा सेन्सर काही मिनिटं मागे असतो. तो ९५ म्हणतोय आणि तुला ओठांना मुंग्या येतायत, तर ओठांचं ऐक, बोट टोच.

आणि इन्सुलिन गाडीच्या डिकीत ठेवत जाऊ नकोस. कालचं पेन तिथून काढलंस ते मी पाहिलं. आपल्या उन्हात डिकी म्हणजे भट्टी. न उघडलेलं फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठलं की वाया गेलं. वापरातलं साधारण महिनाभर बाहेर चालतं, पण गारव्याला ठेव. प्रवासात मी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या छोट्या मातीच्या मडक्यात ठेवते, वरून झाकण. आजीच्या काळची युक्ती आहे, मे महिन्यातसुद्धा चालते.

तू म्हणशील, ताई, एवढं सगळं करून खेळायचंच कशाला. तुझे मामाही तुझ्या आईला तेच म्हणाले ना, ते कानावर आलंय माझ्या. तर मामांना सांग, क्रिकेटपटू वसीम अक्रमला १९९७ साली टाइप वन मधुमेह झाला, तिशीत. त्यानंतर तो सहा वर्षं खेळला आणि २००३ च्या विश्वचषकात त्याने एकदिवसीय सामन्यांतला पाचशेवा बळी घेतला. गॅरी हॉल नावाचा अमेरिकन पोहणारा. १९९९ मध्ये निदान झालं, आणि २००० ला सिडनीत, २००४ ला अथेन्समध्ये पन्नास मीटरचं सुवर्ण. रेआल माद्रिदकडून खेळलेला नाचो तर निदान झालं तेव्हा बारा वर्षांचा होता. डॉक्टरांनी सांगितलं, फुटबॉल संपला. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, उलट खेळच. तो त्या संघाचा कर्णधार झाला.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो जर्मनीचा टेनिसपटू झ्वेरेव्ह. लहानपणापासून टाइप वन. टोकियोत ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं तेव्हासुद्धा जगाला माहीत नव्हतं, उघडपणे सांगितलं ते २०२२ मध्ये. आणि २०२३ ला पॅरिसच्या स्पर्धेत अधिकारी त्याला म्हणाले, कोर्टवर इंजेक्शन घेऊ नको, आत जाऊन घे, आणि ती खेप लघवीला जाण्याच्या खेपांत धरली जाणार होती, आणि अशा खेपा सामन्याला मोजून दोनच होत्या. तो गप्प बसला नाही. सगळ्यांसमोर बोलला, म्हणाला की हे माझ्या जिवाशी निगडित आहे. आणि त्यांना ऐकावं लागलं, कोर्टवरच घ्यायची मुभा मिळाली. आता तो दोन गेममधल्या विश्रांतीत खुर्चीत बसून, कॅमेऱ्यांसमोर सुई घेतो. मी त्याचा सामना लावते तेव्हा खरं सांगायचं तर टेनिस कमी बघते, त्या खुर्चीकडे जास्त बघते. टाकीमागे गेलेली आपली ती वर्षं आठवतात.

कागदांचं काम एक आहे. इन्सुलिन उत्तेजकांच्या बंदी यादीत आहे, स्पर्धेतही आणि स्पर्धेबाहेरही. कारण ज्याला गरज नाही तोही ताकदीसाठी घेऊ शकतो. आपल्याला उपचारासाठी सूट मिळते, पण ती लेखी मागावी लागते, डॉक्टरांच्या कागदांसह, उत्तेजकविरोधी संस्थेकडे, म्हणजे नाडाकडे. गावोगावच्या स्पर्धांना कुणी विचारत नाही. पण तू राष्ट्रीयपर्यंत जाणार आहेस, हे मी तोंडदेखलं म्हणत नाही, तेव्हा निदानाचा कागद, डॉक्टरांची चिठ्ठी, तपासण्या, सगळं एका फाइलीत लावायला घे. ऐन वेळी धावाधाव नको.

राहिल्या काकू, तुझी आई. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांना वाटतं, मी गोड दिलं म्हणून झालं. टाइप वन गोड खाल्ल्याने होत नाही, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं असेल, पण आईच्या मनाला ते एकदा सांगून पुरत नाही. मी येते रविवारी. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत आपल्यासारख्या मुली महिन्यांत, फार तर वर्ष-दोन वर्षांत जात होत्या. १९२२ च्या जानेवारीत टोरंटोमध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, तिथून आपण जगायला लागलो. हे मी माझ्या आईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा त्या पेनाकडे वैऱ्यासारखं न बघता मायेने बघायला लागली. आणि लग्नाचं त्या बोलल्या, तर मी माझी दोन पोरं दाखवायला घेऊन येईन. त्यांच्या वडिलांना मी पहिल्याच भेटीत डबी दाखवली होती. त्यांनी विचारलं, यात माझ्यासाठी शिकण्यासारखं काय काय आहे.

हं, आता पुन्हा तपास बघू. ९४. बघ, म्हटलं होतं ना, उतरतेय. ही दोन बिस्किटं आणि हे दूध घे, घरी जाईपर्यंत पुरेल.

उद्या सहाला ये, नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधी. डबी आण, आत ग्लुकोजच्या १५-१५ ग्रॅमच्या चार पुड्या करून आण, कागदावर मोठ्या अक्षरात आईचा आणि डॉक्टरांचा नंबर लिही. डबी टाकीमागे नाही, चुन्याच्या रेषेबाहेर, राखीव मुली बसतात त्या बाकावर ठेवायची. वॉर्मअपच्या आधी सगळ्या गोल उभ्या राहतात तेव्हा तू सांगायचंस. मी सांगणार नाही, तूच. मी शेजारी उभी असेन. अडखळलीस तरी चालेल.